सजीवांच्या सृष्टी किती?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत हैदराबाद येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या या व्याख्यानमालेत एक पुष्प जीवशास्त्राचे असावे अशी इच्छा चिटणीसांनी प्रदर्शित केली आणि ते गुंफण्याचे काम मजकडे सोपविले, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. दिवसभराची कामे उरकून सायंकाळी विज्ञानाचे व्याख्यान ऐकावयास बसणे म्हणजे श्रोत्यांची परीक्षाच. ती फार लांबू नये याची मी काळजी घेईन.

ज्यांच्या घरी तीन पिढ्या एकत्र नांदत आहेत त्यांनी एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. सजीवांच्या सृष्टी किती, असा प्रश्न घरात तिघांना विचारावा. आजोबा सांगतील, "दोन. एक वनस्पतींची आणि एक प्राण्यांची." वडील सांगतील, "पाच." आणि महाविद्यालयात जाणारी नात सांगेल की आधी तीन डोमेन, मग त्यांच्या पोटात सृष्टी, आणि त्या कोणी सहा मानतात तर कोणी सात. तिघांनी आपापल्या परीक्षेत हीच उत्तरे लिहिली आणि तिघांनाही पूर्ण गुण मिळाले! मग खरे कोणाचे? मधल्या साठ-सत्तर वर्षांत सृष्टी वाढल्या की काय?

सृष्टी वाढल्या नाहीत. पाहण्याची साधने वाढली. ती कशी वाढली, आणि त्यामुळे तुमच्याआमच्या संसारात काय फरक पडला, एवढेच आज सांगावयाचे आहे. हा केवळ पुस्तकी वाद असता तर मी तो या व्यासपीठावर आणला नसता. जीव कोणत्या सृष्टीतला हे ठाऊक नसेल तर त्यावरचे औषध चुकते. आणि औषध चुकले तर काय होते हे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रथम वर्गीकरण म्हणजे काय ते पाहू. आपल्या न्यासाच्या हिशेबात शिक्षणनिधी, औषधनिधी, इमारतनिधी अशी खाती असतात. रुपयावर कोणत्याही खात्याचे नाव छापलेले नसते. खाती आपण आपल्या सोयीसाठी पाडतो. जुन्या काळी हिशेब थोडा होता तेव्हा दोन खात्यांत काम भागत असे; पसारा वाढला तशी खाती वाढली. सजीवांचेही पुष्कळसे असेच आहे. परंतु एक मोठा भेद आहे. सजीवांमध्ये खात्यांबरोबर नातीही असतात. कोण कोणाचा जवळचा, कोणाचे पूर्वज एक, ही नाती आपण ठरवीत नाही. ती शोधून काढावी लागतात. खाती माणसाची, नाती निसर्गाची. ही दोन जेथे जुळली नाहीत तेथे खाती मोडून पुन्हा मांडावी लागली. सृष्टींच्या संख्येचा सारा इतिहास या एका वाक्यात आहे.

आपल्या पूर्वजांनी हा विचार फार पूर्वी केला होता. ऐतरेय उपनिषदात सजीवांचे चार प्रकार येतात. अंड्यातून जन्मणारे ते अंडज, वारेच्या वेष्टनातून जन्मणारे ते जारुज अथवा जरायुज, घामातून किंवा उबेतून उपजणारे ते स्वेदज, आणि भूमी फोडून वर येणारे ते उद्भिज्ज. हे वर्गीकरण जन्माच्या रीतीवरून केलेले आहे. जैन ग्रंथकारांनी निराळीच कसोटी लावली. कोणाला किती इंद्रिये, हे पाहून त्यांनी एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत पायऱ्या मांडल्या आणि वनस्पतींना स्पर्शाचे एक इंद्रिय दिले. तिकडे ग्रीस देशात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे रक्त असलेले आणि रक्त नसलेले असे दोन भाग केले, आणि त्याचा शिष्य थिओफ्रास्टस याने वनस्पतींचे वृक्ष, झुडूप, क्षुप व गवत-रोपे असे विभाग पाडले.

यांना आज हसणे सोपे आहे, पण ते योग्य नव्हे. डोळ्यांनी जे दिसले त्यावरून त्यांनी नियम बांधला. स्वेदज हे खाते मात्र पुढे बंद करावे लागले. १६६८ साली इटलीत फ्रान्सेस्को रेडी याने मांसाची काही भांडी उघडी ठेवली आणि काही जाळीदार कापडाने झाकली. उघड्या भांड्यांत किडे पडले. झाकलेल्या मांसात पडले नाहीत. किडे मांसातून उपजत नसून माशांच्या अंड्यांतून होतात, हे सिद्ध झाले. सूक्ष्म जीवांच्या बाबतीत हाच निकाल पाश्चरने १८६० च्या सुमारास दिला. जो जीव आहे तो जीवापासूनच झालेला आहे, हे कळल्यावर सर्व जीवांची वंशावळ लावता येईल ही कल्पना सुचण्यास वाट मोकळी झाली.

आजोबांच्या दोन सृष्टी ज्याच्या वहीतून आल्या तो कार्ल लिनियस हा स्वीडनचा वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ. १७३५ साली त्याने आपले निसर्गव्यवस्थेवरील पुस्तक प्रसिद्ध केले. पहिल्या आवृत्तीत ते मोठ्या आकाराच्या थोड्या पानांचेच होते. त्यात त्याने निसर्गाची तीन राज्ये कल्पिली: खनिजे, वनस्पती आणि प्राणी. खनिजे निर्जीव म्हणून सजीवांच्या वाट्यास दोन उरली. १७५३ साली वनस्पतींना आणि १७५८ साली प्राण्यांना त्याने सरसकट दोन शब्दांची नावे दिली. आपल्याकडे जसे नाव आणि आडनाव, तसे त्यात आडनाव आधी. आंब्याला जगभर मॅन्जिफेरा इंडिका म्हणतात ते लिनियसमुळे. हा विद्वान आपली खाती दुरुस्त करावयास लाजत नसे. पहिल्या आवृत्तीत त्याने देवमाशाला माशांत घातले होते. १७५८ च्या आवृत्तीत त्याला तेथून काढून, पिलांना दूध पाजणाऱ्या प्राण्यांत बसविले. आपण मराठीत अजून देवमासाच म्हणतो. भाषा जुने खाते सहसा बंद करीत नाही. पोवळ्याला संस्कृतात प्रवाल म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कोवळा अंकुर. पोवळे ही समुद्रातली वनस्पती, असे युरोपातही अठराव्या शतकापर्यंत मानीत. ते वस्तुतः लहान लहान प्राण्यांच्या वसाहतीने बांधलेले घर आहे.

दोन सृष्टींचा हा संसार सुखाने चालला असता. पण सूक्ष्मदर्शक यंत्राने त्यात विघ्न आणले. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा लेवेनहुक हा कापडाचा व्यापारी. त्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून १६७४ पासून पुढे तळ्याचे पाणी, मिरीचे पाणी आणि स्वतःच्या दातांवरील किटण न्याहाळले, तेव्हा त्यात असंख्य जीव वळवळताना दिसले. हे कोण? वनस्पती की प्राणी? युग्लीना नावाचा जीव घ्या. तो एकाच पेशीचा असतो. त्याच्या अंगी हरितद्रव्य असते, म्हणून उन्हात तो झाडाप्रमाणे आपले अन्न आपण तयार करतो. आणि शेपटासारखा एक तंतू हलवून माशासारखा पोहतो. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातही तो असे आणि प्राणिशास्त्राच्या पुस्तकातही! एकच रक्कम दोन खात्यांत जमा धरलेली दिसली की हिशेबनीस काय म्हणेल, ते आपण जाणताच.

१८६६ साली जर्मनीतील हेकेल याने हा पेच सोडविण्यासाठी तिसरी सृष्टी सुचविली. डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये निघाला होता. सर्व सजीवांचा एक वंशवृक्ष काढावा या उत्साहात हेकेलने खोडाला तीन फांद्या काढल्या: वनस्पती, प्राणी आणि मध्ये आदिजीव. तथापि शाळामहाविद्यालयांत पुढील शंभर वर्षे दोनच सृष्टी चालल्या. बुरशी, अळंबी, जीवाणू, शेवाळ, जे जे चालत नाही ते ते वनस्पतींत घालून मोकळे व्हावयाचे, असा परिपाठ होता.

मग पाच कशा झाल्या? त्याला दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली पेशीच्या रचनेची. आपल्या शरीरातील, झाडाच्या पानातील किंवा अळंबीतील पेशी पाहिली तर आत एक केंद्रक असते. त्यात आनुवंशिक द्रव्य पडद्याआड सांभाळून ठेवलेले असते. जीवाणूंच्या पेशीत असा पडदा नसतो. सारा कारभार एकाच खोलीत. हा भेद फ्रान्सच्या शातोंने १९२५ मध्ये नोंदला होता आणि १९६२ साली स्टॅनियर व व्हान नील यांनी तो स्पष्ट शब्दांत मांडला. वड आणि वाघ यांत जितके अंतर, त्याहून वड आणि जीवाणू यांत अधिक, हे त्यामुळे ध्यानी आले. कोपलंड याने १९३८ सालीच जीवाणूंना स्वतंत्र सृष्टी देऊन संख्या चारवर नेली होती.

दुसरी गोष्ट पोट भरण्याच्या रीतीची. अमेरिकेतील व्हिटेकर हा शास्त्रज्ञ रानांचा अभ्यासक होता. त्याने पाहिले की वनात तीन प्रकारचे लोक आहेत: अन्न शिजविणारे, अन्न गिळणारे, आणि अन्न मुरवून शोषून घेणारे. हिरवी झाडे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. प्राणी ते गिळून पोटात पचवितात. आणि बुरशी आपले पाचक रस बाहेर सोडून, अन्न बाहेरच विरघळवून मग शोषून घेते. पाव शिळा झाला की त्यावर कापसासारखे तंतू पसरतात, ते हेच करीत असतात. हिरवेपणा नाही, प्रकाशाची गरज नाही, तेव्हा बुरशीला वनस्पती म्हणावयाचे कशासाठी? १९६९ साली व्हिटेकरने पाच सृष्टी मांडल्या. केंद्रक नसलेले ते मोनेरा. केंद्रक असलेले पण बहुधा एकपेशीय ते प्रोटिस्टा. आणि मग कवके, वनस्पती व प्राणी. वडिलांचे उत्तर ते हे. शाळेत ज्याला पंचसृष्टी वर्गीकरण म्हणतात ते येथून आले.

स्वयंपाकघरात पाहिले तर या पाचांपैकी चार सृष्टींची हजेरी एका ओट्यावर लागते. भाजी व धान्य वनस्पतिसृष्टीतले. दुधाचे दही लावणारे जीव मोनेरा सृष्टीतले. पाव फुगविणारे यीस्ट कवकसृष्टीतले. दूध देणारी म्हैस प्राणिसृष्टीतली. आणि गोड्या मसाल्यातले दगडफूल? येथे हैदराबादेत त्याला पत्थर का फूल म्हणतात. ते दगडही नव्हे आणि फूलही नव्हे. एकटा जीवही नव्हे. ते कवक आणि शैवाल यांचे एकत्र कुटुंब आहे. कवकाने घर बांधावयाचे, ओल धरावयाची. शैवालाने उन्हात अन्न शिजवावयाचे. १८६० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडच्या श्वेंडेनरने हे प्रथम सांगितले तेव्हा दगडफुलांच्या अभ्यासकांना ते मुळीच रुचले नाही. दोन सृष्टींतले जीव एका छपराखाली इतक्या गोडीने नांदतात, हे त्यांच्या खात्यांत बसेना.

आता नातीचे उत्तर पाहू. इतका वेळ आपण जीव बाहेरून आणि भिंगातून पाहत होतो. अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूज याने निराळा मार्ग धरला. प्रत्येक पेशीत प्रथिने तयार करणारे छोटे कारखाने असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. त्यांतील एका घटकाची रचना फार हळूहळू बदलते. दोन घराण्यांच्या जुन्या पोथ्या ताडून पाहाव्यात, कोठे अक्षरे जुळतात व कोठे पाठभेद आहेत ते पाहावे, आणि त्यावरून या पोथ्या एका मूळ प्रतीवरून केव्हा निघाल्या याचा अंदाज करावा, तसे त्याने निरनिराळ्या जीवांचे हे घटक ताडून पाहिले. १९७७ साली वूज आणि फॉक्स यांनी जाहीर केले की मिथेन वायू तयार करणारे काही सूक्ष्म जीव दिसावयास जीवाणूंसारखे असले, तरी नात्याने जीवाणू नव्हेतच. पुढे त्यांना आर्किया म्हणू लागले. १९९० मध्ये वूज, कँडलर आणि व्हीलिस यांनी सृष्टींच्याही वरचे तीन विभाग मांडले: जीवाणू, आर्किया, आणि केंद्रक असलेले सर्व जीव. हीच ती तीन डोमेन.

आर्किया म्हणजे कोठल्या तरी दूरच्या ज्वालामुखीतले जीव, असे समजू नका. उकळत्या झऱ्यांत त्यांपैकी काही राहतात हे खरे. पण गाईम्हशींच्या पोटात, आणि खेड्यातल्या गोबरगॅसच्या टाकीत जो जळणारा वायू तयार होतो तो आर्कियाच तयार करतात. मिठागरात मीठ पिकत असताना पाण्याला जी तांबूस छटा येते, तिच्यातही खाऱ्या पाण्यात रमणाऱ्या आर्कियांचा वाटा असतो.

ही मांडणी सर्वांनी मान्य केली असे मात्र नाही. एर्न्स्ट मायर या थोर प्राणिशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये तिला विरोध केला; केंद्रक असणे व नसणे हाच मोठा भेद, त्यावर दोन साम्राज्ये पुरेशी, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या बाजूने, २०१५ साली आर्क्टिक समुद्राच्या तळाच्या गाळात सापडलेल्या आनुवंशिक द्रव्यावरून अशा आर्कियांचा सुगावा लागला की त्यांचे आणि आपल्या पेशींचे फार जवळचे नाते दिसले. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी त्या गटातला एक जीव प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. त्यासाठी त्यांना बारा वर्षे लागली होती. केंद्रक असलेले सारे जीव आर्कियांच्या घराण्यातूनच फुटलेले असावेत, म्हणजे डोमेन तीन नव्हे तर दोनच, असे आता अनेक जण म्हणतात.

येथे आणखी एक आश्चर्य सांगितले पाहिजे. आपल्या पेशींत ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका असतात आणि झाडांच्या पेशींत हरितलवके असतात. ही दोन्ही एके काळी स्वतंत्र जीवाणू होती. मोठ्या पेशीने ती पोटात घेतली आणि न पचविता घरात ठेवून घेतली. लिन मार्ग्युलिस या विदुषीने १९६७ साली हा विचार नेटाने मांडला. त्यापूर्वी तिचा निबंध अनेक नियतकालिकांनी परत पाठविला होता. या कणिकांमध्ये त्यांचे स्वतःचे आनुवंशिक द्रव्य असते; पुढे ते जीवाणूंच्या द्रव्याशी जुळले, तेव्हा वाद मिटला. म्हणजे वंशवृक्षाच्या फांद्या नुसत्या फुटत नाहीत. क्वचित् दोन फांद्या एकमेकींत मिसळूनही जातात.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आपल्या शहरापुरतेच बोलावयाचे तर बेगमपेठेकडे बोट दाखवितो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस याने डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाच्या जीवाची वाढ पाहिली, आणि मलेरिया डासातून पसरतो हे सिद्ध करण्याचा मार्ग सापडला. १९०२ चे नोबेल पारितोषिक त्याला या कामाबद्दल मिळाले. हा जीव पूर्वी प्राण्यांत गणला जाई. पण सुमारे शंभर वर्षांनी, १९९० नंतरच्या दशकात, त्याच्या पेशीत एक लहानशी कणिका ओळखली गेली. ती शैवालाकडून आलेल्या लवकाचा अवशेष आहे! रक्तात राहणाऱ्या या शत्रूच्या घरात एका हिरव्या पूर्वजाचा वारसा आहे; आणि तो वारसा मुळात जीवाणूचा. म्हणूनच डॉक्सिसायक्लिन हे जीवाणूंवरचे औषध मलेरियाच्या जीवालाही बाधते. ते त्या कणिकेच्या कामावर घाव घालते. नाते कळले तेव्हा औषध का लागू पडते तेही कळले.

आता बुरशीचे नाते पाहा. व्हिटेकरने तिला वनस्पतींतून वेगळे काढले. १९९३ मध्ये आनुवंशिक द्रव्य ताडून पाहता असे आढळले की बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना, म्हणजे आपल्यालाच, अधिक जवळची आहे. दोघांचा सामाईक पूर्वज शंभर कोटी वर्षांहून पूर्वी होऊन गेला असावा, असा अंदाज आहे. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असते, जे झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचात असते. आणि ती आपला साठा झाडांसारखा पिष्टात न ठेवता आपल्या यकृताप्रमाणे ग्लायकोजेनमध्ये ठेवते.

हे नाते आपल्याला महाग पडते. जीवाणू दूरचा, म्हणून त्याला मारणारे आणि आपल्याला न बाधणारे औषध शोधणे तुलनेने सोपे. पेनिसिलीन जीवाणूच्या भित्तीवर घाव घालते. तशी भित्ती आपल्या पेशींना नसतेच. बुरशी मात्र घरातली. तिला मारावे तर आपल्याही पेशींना धक्का लागतो. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत हे किती कठोर सत्य आहे ते आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी अनुभवले. करोना हा विषाणू. त्यातून उठलेल्या, मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइड दिलेल्या रोग्यांना म्युकरमायकोसिसने गाठले. ज्याला लोक काळी बुरशी म्हणू लागले तो हा रोग. शिळ्या पावावर वाढणाऱ्या बुरशीच्याच गोतातली ही मंडळी. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. ॲम्फोटेरिसिन बी हे त्यावरील मुख्य औषध. ते बुरशीच्या पेशीच्या आवरणातील एर्गोस्टेरॉल पकडते. आपल्या पेशींत त्याच्याशी साम्य असलेले कोलेस्टेरॉल असते, म्हणून ते औषध मूत्रपिंडांना इजा करू शकते आणि वैद्याला ते जपून द्यावे लागते. कित्येकांचे डोळे गेले, कित्येकांचे जबडे काढावे लागले, कित्येक माणसे गेली. जीवाणूंवरील प्रतिजैविक येथे विषाणूलाही उपयोगी नव्हते आणि बुरशीलाही नव्हते.

म्हणून न्यासाच्या धर्मार्थ दवाखान्यात येणाऱ्या मंडळींना माझी एक कळकळीची विनंती आहे. साध्या सर्दीपडशाला डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिले नाही तर रागावू नका. सर्दी विषाणूची असते. विषाणूला स्वतःची पेशी नसते, भित्ती नसते, रायबोसोम नसतो. पाच, सहा, सात अशा कोणत्याच सृष्टीत त्याला जागा मिळालेली नाही, कारण दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याखेरीज तो काहीच करू शकत नाही. १९३५ साली स्टॅन्लेने तंबाखूच्या पानावरील विषाणू मिठासारखा स्फटिकरूपात बाटलीत काढून दाखविला होता. अशा पाहुण्यावर जीवाणूंचे औषध घेतले तर तो जात नाही. मात्र आपल्या पोटातले निरुपद्रवी जीवाणू मरतात आणि जे उरतात ते त्या औषधाला सरावतात. मग खरोखरीच प्रसंग आला म्हणजे तेच औषध लागू पडत नाही. कोणाच्या नावचे पत्र कोणाच्या दारात टाकावयाचे, एवढाच हा प्रश्न आहे. पण चुकले तर त्याची किंमत शेजाऱ्यालाही द्यावी लागते.

शेतकऱ्याची गोष्टही हीच. हैदराबादची अनाबशाही द्राक्षे जुन्या मंडळींच्या स्मरणात असतील. नाशिक-सांगलीकडे ज्यांचे नातेवाईक द्राक्षबागा करतात त्यांनी भुरी आणि केवडा ही नावे ऐकली असतील. दोन्ही रोग पानावर पांढरे दिसतात, दोहोंनाही बुरशीच म्हणण्याचा प्रघात आहे. पण भुरी ही खरी बुरशी. केवडा आणणारा जीव बुरशी नव्हेच. तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळांचा भाऊबंद. बटाट्यावरील करप्याचा जीव त्याच कुळातला. १८४५ पासून आयर्लंडात त्याने बटाट्याचे पीक नासविले आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. भुरीवर चालणारी ट्रायझोल वर्गातील औषधे बुरशीचे एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. केवड्याचा जीव ते मुळात तयारच करीत नाही. मग औषध अडविणार काय? उलट मेटॅलॅक्झिल केवड्यावर चालते, भुरीवर नाही. जो हे जाणतो त्याची एक फवारणी वाचते, आणि कधी कधी बाग वाचते.

नावेही आपल्याला चकवितात. क्षयाच्या जंतूच्या शास्त्रीय नावात मायको हा शब्द आहे, त्याचा अर्थ बुरशी; ज्या जीवापासून १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन निघाले त्याच्याही नावात तोच अर्थ आहे. दोघेही जीवाणू. ती वाढली की बुरशीसारखी दिसत, म्हणून जुन्या विद्वानांनी तशी नावे दिली. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. तेथेच तिरुमलाचार यांच्या हाताखाली स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना या, पिंपरी गावाचे नाव धारण करणाऱ्या जीवापासून हॅमायसिन मिळाले. गंमत पाहा: नाव बुरशीचे, जात जीवाणूची, आणि औषध बुरशी मारण्याचे!

तर मग सृष्टी किती? २०१५ साली काही नामवंत वर्गीकरणकारांनी मिळून सात सृष्टींची मांडणी प्रसिद्ध केली: जीवाणू, आर्किया, आदिप्राणी, क्रोमिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. त्या मांडणीत मलेरियाचा जीव आणि द्राक्षांवरील केवड्याचा जीव क्रोमिस्टा या एकाच खात्यात बसतात. उद्या तीही बदलेल. मुलांनी यामुळे गोंधळून जाऊ नये. परीक्षेत पुस्तकात असेल ते लिहावे. पण मनात असे धरावे की विज्ञानाचा मोठेपणा खाती कायम ठेवण्यात नसून, पुरावा मिळताच खातेवही पुन्हा मांडण्यात आहे.

एक शेवटची गोष्ट. लिनियसने माणसालाही प्राण्यांच्या यादीत बसविले, हे त्याचे धैर्य होते. परंतु त्याच पानांत त्याने खंडांप्रमाणे आणि कातडीच्या रंगाप्रमाणे माणसांचे चार प्रकार केले आणि प्रत्येकाला एकेक स्वभाव चिकटविला. पुढच्या दोनशे वर्षांत अशा याद्यांच्या आधाराने माणसांनी माणसांवर काय काय केले ते इतिहासात आहे. आनुवंशिक द्रव्याच्या पोथीने ते खाते पार खोडून टाकले. सर्व माणसे एका जातीची. आफ्रिकेतून निघालेल्या एका कुळाची. आपला न्यास एका समाजाचा आहे, आणि आपली भाषा, आपले सण परमुलखात जतन करण्यासाठी असे खाते असणे योग्यच आहे. पण ते खाते आहे, नाते त्याहून मोठे आहे. दवाखान्याच्या दारात येणाऱ्या रोग्याची भाषा न विचारण्याची प्रथा येथे आहे, असे कार्यवाहांनी मला सांगितले. शास्त्राला ती पूर्णपणे मान्य आहे.